मधाळेंची गँग

प्रसेनजीत मधाळे खांबावर चढत नाही, हे त्याच्या हाताखालच्या माणसांना कितीतरी महिने कळलं नव्हतं. कळू नये याची तजवीज त्यानं फार हुशारीनं केली होती. कोल्हापुरात पंचगंगेच्या अंगाला असलेल्या वीज कंपनीच्या एका सेक्शनला तो प्रधान तंत्रज्ञ होता. लोकांच्या भाषेत मोठा वायरमन. लाईनवर काम निघालं की कुणीतरी खाली उभं राहून सबस्टेशनच्या ऑपरेटरशी बोलावं लागतं. बंद लाईनवर काम करायची परवानगी, म्हणजे परमिट, आपल्या नावावर घ्यावं लागतं, आणि शेवटचा माणूस जमिनीवर येईपर्यंत ते परत द्यायचं नसतं. "परमिट माझ्या नावावर हाय, मी खालीच थांबतो," असं प्रसेनजीत म्हणायचा. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून कुणाला शंकाही आली नाही.

पण वर जाणाऱ्यानं खांबाला पहिला पाय लावला की प्रसेनजीतच्या तळहातांना घाम फुटायचा. जीभ टाळ्याला चिकटायची. तो हात रेनकोटच्या खिशात घालून उभा राहायचा आणि वरच्या माणसाकडं बघत राहायचा. आधी बूट वर सरकायचे, मग गुडघे, मग कमरेचा पट्टा तारांच्या उंचीला यायचा. आता होणार, असं त्याला वाटायचं. माणूस धडधाकट खाली उतरला तरी त्याच्या छातीतलं ठोकणं काही वेळ थांबायचं नाही. मग तो उगाच गाडीमागं जाऊन दोरखंड आवरत बसायचा.

हा माणूस पूर्वी असा नव्हता.

शिरोळच्या बाजूला नोकरीला असताना मधाळे म्हणजे पाखरू, असं लोक म्हणायचे. पट्टा न लावता सरसर वर जायचा, वरून खालच्यांना शिव्या घालायचा आणि हसायचा. गँग चालवायची त्याची रीतही तशीच होती. कुणी जरा घुटमळला की प्रसेनजीत सगळ्यांदेखत विचारायचा, "भ्यालास व्हय रं? आईला बोलवून घिऊ काय?" बाकीचे खिदळायचे आणि तो माणूस मुकाट वर चढायचा. कामं झटपट व्हायची. साहेब खूश असायचे. आपली गँग तालुक्यात एक नंबर आहे, असं प्रसेनजीतलाही वाटायचं.

एका दुपारी उसाच्या फडाकडेच्या खांबावर त्याचा जोडीदार गणपती चढला. त्याच लाईनवर पलीकडच्या शिवारात दुसरी गँग काम करत होती. तिचं काम आधी संपलं, तिनं आपलं परमिट परत दिलं, आणि सबस्टेशनमध्ये कुणाचा तरी घोळ झाला. दोन्ही गँग मोकळ्या झाल्या असं समजून लाईन चालू केली गेली. प्रसेनजीत खाली बांधावर बसून तंबाखू मळत होता. ओल्या पोत्यावर काठी हाणावी तसा एक आवाज आला. मान वर केली, तर गणपती पट्ट्यावर लोंबकळत होता आणि त्याच्या बाहीतून धूर निघत होता.

गणपती जगला. उजवा हात मात्र कोपरापासून काढावा लागला. चौकशीत चूक सबस्टेशनची निघाली आणि प्रसेनजीतवर ठपका आला नाही. कामावर परत आल्यावर पहिल्याच दिवशी तो खांबाजवळ गेला, दोन्ही हातांनी खांबाला विळखा घातला, आणि त्याला पाय उचलताच येईना. "पाठ धरलीया," असं सांगून त्यानं दुसऱ्याला चढवलं. पाठीचं ते निमित्त पुढं बरेच दिवस चाललं.

दवाखान्यातून गणपती घरी आला तरी प्रसेनजीत त्याला भेटायला गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ असं करत पावसाळा गेला, दिवाळी गेली. शेवटी त्याची बायको पूर्णिमा चिडली. "तुम्ही येणार नसाल तर मी एकटी एसटीनं जाते. गणपतीच्या बायकोला तोंड कसं दाखवायचं आपण?" तेव्हा कुठं दोघं गेले.

गणपती घराच्या पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसला होता. चहा आला, त्यानं कप डाव्या हातात धरला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. पूर्णिमा आत गेल्यावर गणपती हळूच म्हणाला, "एक सांगू व्हय? रागावू नकोस. त्या दिवशी मी वर चढताना पलीकडच्या गँगची गाडी वळताना बघितलीती. मनात आलं, ह्यांचं काम आवरलं, आता हे परमिट परत देणार. सबस्टेशनवाल्याला फोन करून आपलं चालू हाय म्हणून सांगावं, असं तुला म्हणणार हुतो."

"मग का न्हाय म्हणलास?"

"तू म्हणला असतास, भ्यालास व्हय रं."

गणपतीच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. झालं ते त्यानं सांगितलं आणि चहाचा घोट घेतला. प्रसेनजीतनं कप खाली ठेवला. परतताना जयसिंगपूरच्या पुढं त्यानं मोटरसायकल रस्त्याकडेला घेतली आणि उतरून तो नुसताच उभा राहिला.  अपघाताची भीती त्याच्या मनात होतीच. आता त्याहून मोठी एक भीती तिथं येऊन बसली. आपल्याला माहीत नाही असं काहीतरी आपल्या माणसाला माहीत असेल, आणि आपल्या धाकानं तो ते सांगणारच नाही.

वर्षभरात त्यानं आईच्या आजारपणाचं कारण देऊन बदली मागून घेतली आणि तो कोल्हापुरात आला. कदमवाडीत त्याचं घर होतंच. आई आक्काताईला वाटलं, लेक आपल्यासाठी आला. तिनं गल्लीत पेढे वाटले, आणि त्या पेढ्यांचीही त्याला लाज वाटली.

नव्या सेक्शनला त्याच्या गँगमध्ये तिघं होती. आकाराम चौगुले रिटायर व्हायला आलेले, सगळे त्यांना मामा म्हणायचे. राजवीर खोत पेठेच्या संघातून फुटबॉल खेळणारा, अंगानं तगडा आणि तोंडानं त्याहून तगडा. तिसरी अस्मिता नलवडे. तिला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, पण आधीच्या माणसानं तिला तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं होतं, खांबाजवळ फिरकू दिलं नव्हतं. तिघंही डबा वेगवेगळ्या कोपऱ्यात बसून खायची. गाडीत कुणी कुणाशी बोलायचं नाही.  न बोलणारी माणसं आणि अकरा हजार व्होल्टची लाईन, हे प्रसेनजीतनं एकदा बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिघांना ऑफिसच्या मागच्या अंगणात, जुन्या मोडक्या ट्रान्सफॉर्मरांपाशी उभं केलं. "आज ज्या कामावर चाललोय, त्यात भ्या कशाचं वाटतंय ते एकेकानं सांगायचं. मग गाडी हलणार."

राजवीर मोठ्यानं हसला. "भ्या? मला फक्त मॅच हरायचं भ्या वाटतंय, दादा."

आकाराममामा म्हणाले, "काय न्हाय." अस्मिता म्हणाली, "काय न्हाय." आणि गाडी हलली.

रोज तेच चाललं. रोज सकाळी प्रसेनजीत विचारायचा आणि रोज "काय न्हाय" ऐकायचा. सेक्शनमध्ये त्याची टिंगल सुरू झाली. दुसऱ्या गँगवाले त्याला बघून "भ्या वाटतंय गं बाई" असं म्हणायचे. प्रसेनजीत ऐकून घ्यायचा. एका सकाळी अस्मिता मान खाली घालून म्हणाली, "मला हातमोज्यांचं भ्या वाटतंय."

"म्हंजे?"

"पुरुषांच्या मापाचं हायत. माझ्या हातात ढिलं हुत्यात. पाना धरला की निसटतोय. काल वरून मामांच्या डोक्यावर पडणार हुता."

काही दिवसांपूर्वीच प्रसेनजीतनं तिला चढवायला सुरुवात केली होती. पण मोज्यांच्या मापाचा विचार ना त्याला सुचला होता, ना तिनं बोलून दाखवला होता. त्या दिवशी काम बाजूला ठेवून तो स्टोअरला गेला. तिथल्या माणसाशी वाद घातला, दोनदा परत पाठवला गेला, आणि आठवड्याभरात लहान मापाचे मोजे घेऊनच आला. अस्मितानं ते घालून बोटं उघडझाप करून बघितली. 

पण मोजे आलेले मामांनी बघितले. पुढं काही दिवसांनी, पाळी आल्यावर, ते म्हणाले, "मला वर गेल्यावर गरगरतंय. साखर वाढलीया. कुणाला सांगितलं तर अनफिट म्हणून घरी बसवत्याल, म्हणून बोललो न्हाय. परवा वर दोन मिंटं मला तार कुठली आन आभाळ कुठलं कळंना."

 परवा प्रसेनजीतनंच मामांना वर पाठवलं होतं, आणि खाली खिशात हात घालून तो उभा होता. मामांचं ते डगमगणं त्याला दिसलंच नव्हतं. तो काही बोलायच्या आत राजवीर म्हणाला, "मामा, तुमचं वरचं मी करतो की. तुम्ही खालून हत्यारं द्या." एरवी हसणाऱ्या पोराचा चेहरा त्या वेळी एकदम उतरला होता. मामांना डॉक्टरकडं न्यायला तोच गेला.

मग प्रसेनजीतनं आणखी एक नेम केला. कामावर असताना कुणाच्याही मनात काहीही आलं, की त्यानं "खाली" म्हणायचं. वरच्यानं आधी उतरायचं आणि कारण मागाहून विचारायचं. उन्हाळ्यात अस्मितानं पहिल्यांदा "खाली" म्हटलं. बंद लाईनची तार तिला हललेली दिसली होती. राजवीर उतरला, सगळं पुन्हा तपासलं, आणि निघालं काहीच नाही. वाऱ्यानं हलली असेल. तोवर बाजारपेठेतले दुकानदार गोळा होऊन ओरडायला लागले होते. राजवीर घामानं भिजलेला होता. तो म्हणाला, "हिच्या डोळ्याला चष्मा लावा आधी."

दुसऱ्या सकाळी प्रसेनजीत एवढंच म्हणाला, "काल अस्मितानं थांबवलं. बरं केलं." राजवीर चार दिवस दोघांशीही बोलला नाही.

त्याच सुमारास मामांनी एकदा विचारलं, "प्रसेनजीत, तू रोज आमाला इचारतोस. तुझं कधी सांगत न्हाईस ते?"

"माझं काय वेगळं हाय मामा? तुमचं ते माझं," असं म्हणून त्यानं गाडीत बसून दार ओढून घेतलं. आरशात त्याला अस्मिताचे डोळे दिसले. ती त्याच्याकडंच बघत होती.

घरी पूर्णिमाला सगळं ठाऊक होतं. "सांगून टाका त्यांना," ती म्हणायची. प्रसेनजीत म्हणायचा, "वायरमन हाय आन चढत न्हाय म्हणल्यावर माझं कोण ऐकंल?" ती पुढं बोलायची नाही, आणि त्याला वाटायचं, तिलाही ते पटलंय.

त्या वर्षी नदी पात्राबाहेर आली आणि बरेच दिवस आत गेली नाही. खालच्या भागातली वीज कंपनीनं आधीच बंद केली, लोकांना घरातले मेन स्विच पाडून बाहेर पडायला सांगितलं. पाणी उतरलं तेव्हा सगळीकडं गुडघाभर चिखल होता आणि त्या चिखलातून लोक परत येत होते. नदीकाठच्या एका वसाहतीत पिण्याच्या पाण्याचा पंप विजेविना बंद होता. तिथल्या डीपीवर, म्हणजे दोन खांबांवरच्या ट्रान्सफॉर्मरवर, लाईनकडून येणारी जोडतार तुटून लोंबत होती. ती जोडली की पंप चालू होणार होता.

मधाळेंची गँग तिथं पोचली तेव्हा बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. सेक्शनचे इंजिनिअर उन्मेष इनामदार आधीच आले होते. पँट चिखलानं माखलेली, एक फोन कानाला, दुसरा हातात वाजतोय. तरुण आणि भला माणूस होता, पण कितीतरी दिवस धड झोपला नव्हता. "मधाळे, पटकन. वरून दर पाच मिनिटाला फोन येतायत."

प्रसेनजीतनं परमिट घेतलं. ऑपरेटरकडून ते पुन्हा वदवून घेतलं. लाईनला अर्थिंग लावलं, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती सरळ जमिनीत जावी. आता डीपीखालची पेटी उघडायची राहिली होती. वसाहतीकडं जाणारी वीज त्या पेटीतून जाते, तिथले फ्यूज काढायला हवे होते. पण पुराच्या चिखलानं पेटीचं दार गच्च बसलं होतं. मामा पहार आणायला गाडीकडं निघाले.

"पेटीचं मागून बघा हो," साहेब म्हणाले. "लाईन बंद आहे, सगळ्यांचे मेन पाडलेले आहेत. वसाहतीत वीज येणार कुठून?"

मागून एक बाई ओरडली, "लेकरास्नी काय चिखलाचं पाणी पाजू काय ओ?"

प्रसेनजीत सकाळपासून घाबरलेला होता. त्याला चिखलाची, गर्दीची, साहेबाच्या फोनची, ढगाची, सगळ्याचीच भीती वाटत होती. त्यामुळं त्यातली कुठली खरी धरावी हे त्याला उमजेना. त्यानं होकाराची मान हलवली. राजवीर पट्टा आवळून वर निघालासुद्धा.

तो निम्म्याच्या वर गेला असेल. अस्मिता दोरीचं टोक धरून उभी होती. तिनं एकदम मान वळवली, क्षणभर कान दिला, आणि ओरडली, "खाली!"

राजवीर थबकला. "आता काय?"

"कुठंतरी जनरेटर चालू हाय. त्या लग्नाच्या हॉलच्या मागं. आवाज येतोय."

"असंल की! त्याचा आन आपला काय संबंध? दादा, एका मिंटाचं काम हाय. जोडतो आन उतरतो."

साहेबांनी कानावरचा फोन खाली घेतला. "मधाळे, चढू द्या त्याला. कुणाच्या तरी जनरेटरसाठी आपण थांबायचं काय?"

बायका पुढं सरकल्या. राजवीरचा हात वरच्या लोखंडी पट्टीपासून वीतभर अंतरावर होता. प्रसेनजीतला खाली उभ्या उभ्या गणपतीची बाही दिसली.  आता बोललो आणि काहीच निघालं नाही तर? आणि न बोललो तर?

"राजवीर, खाली ये," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "राजवीर! खाली!"

"काय चाललंय हे?" साहेबांचा तोल सुटला. "पोरांना घाबरवून ठेवलंय तुम्ही. तो चढत नसेल तर तुम्ही चढा. प्रधान तंत्रज्ञ आहात ना? चढा!"

सगळे प्रसेनजीतकडं बघायला लागले. त्यानं खिशातून हात बाहेर काढले. ते थरथरत होते आणि आता सगळ्यांना दिसत होते.

"मी चढत न्हाय, साहेब," तो म्हणाला. "शिरोळला माझा माणूस वर जळाला. तवापासनं मी खांबाला पाय लावलेला न्हाय. मला भ्या वाटतंय. रोज वाटतंय. आता बी वाटतंय."

गर्दीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. प्रसेनजीतला वाटलं, संपलं, आता आपल्याला कुणी विचारणार नाही. पण वरून पट्ट्याची कडी सुटल्याचा आवाज आला. राजवीर उतरत होता. खाली येऊन त्यानं मामांच्या हातातली पहार घेतली आणि पेटीचं दार उचकटलं. प्रसेनजीतनं टेस्टर आत लावला.

दिवा लागला.

लाल, ठळक, भर उजेडात दिसेल असा. परमिट घेतलेल्या, बंद लाईनच्या डीपीत वसाहतीकडून वीज येत होती. हॉलवाल्यानं तळघरातलं पाणी उपसायला जनरेटर आणला होता आणि त्याची वायर सरळ हॉलच्या सॉकेटात घातली होती. मेन पाडायचा राहूनच गेला होता. तीच वीज उलटी डीपीत शिरली होती, आणि डीपीतून वर जाताना ती अकरा हजारांची होते. अर्थिंग लावलं होतं ते लाईनला. जोडतार तुटलेली असल्यामुळं डीपीच्या बाजूला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. राजवीरचा हात तिथंच पोचणार होता.

साहेबांच्या हातातला फोन चिखलात पडला. तो वाजत राहिला आणि कुणीच उचलला नाही.

राजवीर पहार टाकून हॉलकडं धावला. मामांनी त्याला मागून मिठीत आवळून धरलं नसतं तर हॉलवाल्याचं काही खरं नव्हतं. तो माणूस पांढराफटक पडून हात जोडत होता, "मला काय म्हाईत ओ, पावणं? नुसती मोटर लावलीती की मी." जनरेटर बंद झाला. फ्यूज निघाले. टेस्टर एकदा, दोनदा, चारदा लावला. मग राजवीर परत चढायला आला, आणि त्याला पट्ट्याची कडीच अडकवता येईना. बोटं ऐकेनात. तो डीपीशेजारच्या दगडावर बसला आणि म्हणाला, "दादा, मला भ्या वाटतंय." लहान पोरानं म्हणावं तसं म्हणाला.

"बस," प्रसेनजीत म्हणाला. "आज तू न्हाय."

"मी जातो की," अस्मिता म्हणाली. तिनं मोजे चढवले.

ती वर गेली तेवढा वेळ प्रसेनजीत खाली उभा होता. कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता, पण हात त्यानं खिशात घातले नाहीत. मामा एका बाजूला पेटीपाशी, कुणी हात लावू नये म्हणून राखण करत होते. राजवीर दगडावरूनच हॉलच्या दाराकडं डोळे लावून बसला होता. अस्मितानं तार जोडली आणि ती उतरली. अर्थिंग निघालं, फ्यूज परत बसले, परमिट परत गेलं. पंप चालू झाला. गँगला कुणी काही म्हटलं नाही. बायका घागरी घेऊन नळाकडं पळाल्या.

तीन दिवसांनी इनामदार साहेबांनी प्रसेनजीतला केबिनमध्ये बोलावलं. ते नजरेला नजर देत नव्हते. "त्या दिवशी मी चुकलो. पण मधाळे, मला हे वर कळवावं लागेल. न चढणारा माणूस गँग कशी चालवणार? उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

 बाहेर बाकावर बसायला सांगितलं म्हणून प्रसेनजीत बसला. खांबाची भीती त्याला ओळखीची होती. ही नवी होती. आता कुठं बोलायला लागलेली आपली माणसं उद्या दुसऱ्या कुणाच्या हाताखाली जातील, आणि तो त्यांना विचारेल, भ्यालास व्हय रं?

तेवढ्यात तिघं त्याच्यासमोरून गेली आणि न विचारता केबिनमध्ये शिरली. दार अर्धवट उघडं राहिलं. राजवीरचा आवाज सगळ्या ऑफिसला ऐकू गेला, कारण त्याला हळू बोलता येतच नव्हतं. "चढायला आमी हाय की, साहेब. उतरवायला ह्यो माणूस पाहिजे. तुमीबी तिथं हुता. म्हणला हुता व्हय तुमी, खाली ये म्हणून?"

 मग मामांचं खोकणं ऐकू आलं.

साहेबांनी वर कळवलं, पण चांगल्या शब्दांत कळवलं. प्रसेनजीतला डॉक्टरांकडं पाठवलं गेलं. त्या डॉक्टरबाईंनी त्याला गोळ्या कमी दिल्या आणि बोलतं जास्त केलं. खांबावर चढायचं नाही, खालून काम बघायचं, अशी नोंद झाली आणि गँग त्याच्याकडंच राहिली. पुढं एका रविवारी सरावाच्या खांबावर तो निम्म्यापर्यंत गेला. खाली राजवीर आणि अस्मिता होती. निम्म्यावर त्याला रडू फुटलं आणि तो परत आला. पुन्हा त्यानं तो प्रयत्न केला नाही, आणि त्यांनीही कधी विषय काढला नाही. सकाळच्या अंगणात आता तो सगळ्यांच्या आधी स्वतःचं सांगायचा. कधी ते ऐकून हसू यायचं, कधी सगळे गप्प व्हायचे. दुसऱ्या गँगचे दोघं हळूहळू शेजारी येऊन उभे राहायला लागले.

मामा रिटायर झाले. अस्मिता आता परमिट घेते, आणि ऑपरेटरकडून ते तीनदा वदवून घेते. राजवीरला बढती मिळाली आणि तो राधानगरीच्या बाजूला स्वतःची गँग घेऊन गेला. तिथं जंगलात लाईनवर झाडं पडतात आणि पाऊस थांबत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी त्याचा फोन आला. पावसाच्या आवाजात त्याचं बोलणं तुटक ऐकू येत होतं.

"दादा, परमिट घेतलंय. अर्थिंग लावलंय. खालचं फ्यूज काढल्यात. सगळं बघितलंय. तरीबी पोटात गोळा आलाय. एक पोरगं वर चढलंय, आन मला त्याच्याकडं बघवंना झालंय."

"आजूबाजूला कुणाचा जनरेटर?"

"एकच घर हाय. तिथं न्हाय."

"पोरगं काय म्हणतंय?"

"काय न्हाय म्हणतंय."

प्रसेनजीतच्या तळहातांना घाम फुटला. "त्याला खाली घे," तो म्हणाला. "खाली घे, शेजारी बसव, आन आदी तुझं सांग त्याला. मग परत एकदा सगळं बघा. मी फोन ठेवत न्हाय."

पलीकडं राजवीर मोठ्यानं ओरडला. त्यानंतर फोनमधून नुसता पाऊस ऐकू येत राहिला. प्रसेनजीत अंगणात, मोडक्या ट्रान्सफॉर्मरला टेकून, फोन कानाला घट्ट धरून उभा राहिला. अस्मिता गाडीतून उतरून त्याच्या शेजारी येऊन थांबली. बराच वेळ गेला. मग दोन माणसांचं बोलणं ऐकू यायला लागलं, एक मोठं आणि एक बारीक. काय बोलत होती ते कळत नव्हतं, पण दोघंही बोलत होती.